परवा उघडणार

मागच्या गेटच्या कुलपात कुंभारीण माशीनं घर केलं होतं. किल्ली जायच्या भोकावर तिनं चिखलाची टोपी नीट बसवली होती, आणि टोपीच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरचं एक गोल भोक होतं. भोकाची कड बाहेरून फोडलेली नव्हती, आतून कुरतडलेली होती. म्हणजे आतली माशी मोठी होऊन आपल्या वाटेनं निघून गेली होती. मातीचे थर दोन होते, खालचा राखाडी आणि वरचा तांबूस. सावित्रीबाई बोधनकरांनी चष्मा नाकावर नीट बसवून हे सगळं पाहिलं आणि मनाशी नोंद केली, की माशीच्या दोन पिढ्या या गेटातून बाहेर पडल्या, माणूस मात्र एकही नाही.

सावित्रीबाईंनी हैदराबादेत तारनाक्याला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं नोकरी केली होती. काचपट्ट्या पुसायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी बेडूक उलटा ठेवला तर सरळ करायचा. हाताला सवय लागते तशी डोळ्यालाही लागते. दोन हजार तीन साली त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या, नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि गुडघे कुरकुरत होते.

त्यांची कॉलनी कुकटपल्लीत. जुन्या हैदराबाद राज्यातली, नांदेड-परभणी-बीदरकडची शेतकरी घराणी शिकून शहरात नोकरीला लागली, त्यांनी सोसायटी करून शहाऐंशी घरं बांधली. ऐंशीच्या दशकात तिथं ससे होते, आता कॉम्प्युटरवाले होते. पुण्या-मुंबईची तरुण जोडपी वरचे मजले भाड्यानं घेऊन राहत आणि सकाळी कंपनीच्या बसनं जात.

कॉलनीच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी गेट होतं. गेटापलीकडे वस्ती, वस्तीपलीकडे बस स्टॉप. भिंत दुरुस्त करताना नऊ वर्षांपूर्वी त्याला 'तात्पुरतं' कुलूप लागलं, ते तसंच राहिलं. आणि गेटापासून चाळीस पावलांवर सत्यवती राहत होती.

सत्यवती त्याच प्रयोगशाळेत शिपाई होती. दोघींनी एकोणतीस वर्षं एकाच स्टोव्हवर, एकाच बीकरमध्ये चहा उकळला होता. त्यांची आपसातली भाषा अर्धी दखनी, पाव तेलुगू, पाव मराठी अशी होती, आणि ती तिसऱ्या कुणाला कळत नसे. निवृत्तीच्या आधीच सत्यवतीनं मुद्दाम इथं खोली घेतली, कारण गेट होतं. मग कुलूप लागलं. आता सत्यवतीकडे जायचं तर पुढच्या गेटानं बाहेर पडून, सगळ्या भिंतीला वळसा घालून, सोळाशे चाळीस पावलं चालावं लागे. सावित्रीबाईंनी तीनदा मोजून सरासरी काढली होती. रोजचं बोलणं दोघी गेटाच्या फटीतून करत, एक इकडे स्टुलावर, एक तिकडे उपड्या घमेल्यावर.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सत्यवती न्हाणीत घसरून पडली. तिनं हाक मारली ती सावित्रीबाईंना स्वच्छ ऐकू आली. पोचायला पस्तीस मिनिटं लागली. पाय नुसता मुरगळला होता, पण सत्यवतीचा मुलगा वरंगलहून आला आणि म्हणाला, इथं तुझं कोण आहे, उगादीनंतर घेऊन जातो. सत्यवतीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सावित्रीबाईंनी मात्र मनात पक्कं केलं, की उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत गेट उघडायचं.

गेट उघडायचं म्हणजे हिम्मतरावांनी उघडायचं. ते सोसायटीचे नऊ वर्षं अध्यक्ष. नावात हिम्मत होती, ती नावातच राहिली होती. माणूस अत्यंत गोड. कुणी काही मागायला गेलं की आधी चहा, मग इराणी बिस्किटं, मग आईवडिलांची चौकशी, आणि शेवटी, "करू की, परवा करू." नाही हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. म्हणूनच ते दर वेळी बिनविरोध निवडून येत.

हा 'परवा' समजून घ्यायला हैदराबादेत निदान वीस वर्षं काढावी लागतात. इथल्या दखनीत 'परसों' म्हणजे मागचा-पुढचा कुठलाही दिवस. 'परसोंच तो हमारी शादी हुई' असं सांगणाऱ्याच्या मांडीवर नातू असू शकतो. इथल्या मराठीनं शब्द आपला ठेवला आणि अर्थ शेजाऱ्याचा घेतला. कॉलनीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. हिम्मतराव परवा म्हणाले की ते समजायचे, विषय संपला, आता बिस्किट घ्यावं.

त्याच सुमारास पुण्याच्या मंदारनं कॉलनीचा ई-ग्रुप काढला, एकाचं ई-मेल सगळ्यांना जाईल असा. मंदार उत्साही मुलगा. आता प्रत्येकाला आवाज मिळणार, मीटिंगला यायची गरज नाही, घरबसल्या मत द्या, असं त्यानं नोटीस बोर्डावर लावलं. शहाऐंशी घरांतून चौतीस माणसं सभासद झाली. त्यांत बाया दोन, त्यातली एक मंदारची बायको तन्वी. साठीच्या पुढचं कुणी नाही. पलीकडच्या वस्तीतल्या ज्या बाया रोज याच शहाऐंशी घरांत भांडी घासत, त्यांचा तर प्रश्नच आला नाही. पण कचऱ्याची गाडी किती वाजता, पाण्याचा वॉल्व्ह कुणी फिरवायचा, हे सगळं आता त्या चौतिसांत ठरू लागलं. हिम्मतराव कॉम्प्युटरला हात लावत नसत. मंदार दर शनिवारी पत्रांचे छापील कागद त्यांना नेऊन देई आणि ते वाचून 'परवा बघू' म्हणत.

सावित्रीबाईंनी बोर्डावरची नोटीस दोनदा वाचली. प्रत्येकाला आवाज, असं लिहिलं होतं. प्रत्येकात त्या येत होत्या. त्या उठून कोपऱ्यावर भामाकडे गेल्या.

भामा आधी एसटीडी बूथ चालवायची, आता तिथंच दोन कॉम्प्युटर ठेवून इंटरनेटचं दुकान केलं होतं. राहायला वस्तीत, सत्यवतीच्या पाठीमागच्या गल्लीत. तिनं विचारलं, नाव काय टाकू? सावित्रीबाई म्हणाल्या, एस. बी. बोधनकर, घर नंबर सत्तेचाळीस. एस. म्हणजे सावित्री, बी. म्हणजे बाई. भामानं टाकलं.

पहिलं पत्र रस्त्यावरच्या नऊ नंबरच्या दिव्याविषयी होतं. सावित्रीबाईंनी सांगितलं आणि भामानं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाइप केलं, की हा दिवा गेल्या एकवीस रात्रींपैकी चौदा रात्री बंद होता, आणि बंद असलेल्या चौदांपैकी अकरा रात्री त्याआधी दुपारी वारा होता, तेव्हा दिवा बदलू नये, तार तपासावी. तार तपासली. तार सैल होती.

दुसऱ्या दिवशी मंदारचं उत्तर आलं. भामा वाचू लागली आणि पहिल्याच शब्दाला अडकली. 'आदरणीय बोधनकर सर.' तिला इतकं हसू आलं की बूथमध्ये फोनवर बोलणारा माणूस दार उघडून बाहेर डोकावला.

सावित्रीबाई म्हणाल्या, कळव त्याला, मी सर नाही.

"नक्को अम्मा," भामा डोळे पुसत म्हणाली. "अम्मा बोले तो चाय पिलाते. सर बोले तो सुनते."

सावित्रीबाईंनी विचार केला. आपण स्वतःला सर म्हटलेलं नाही. निरीक्षण मंदारचं, चूकही त्याचीच. प्रयोगात निरीक्षकानं ढवळाढवळ करू नये. त्या पुढचं पत्र सांगू लागल्या, आणि त्याचा अर्थ भामानं तिला हवा तसा लावला.

महिन्याभरात बोधनकर सर ग्रुपमधलं मोठं प्रस्थ झाले. कुणी म्हणे निवृत्त इंजिनिअर, कुणी म्हणे संरक्षण खात्यात होते, म्हणून समोर येत नाहीत. खरी गोष्ट अशी की सरांना आता बरेच डोळे फुटले होते. संध्याकाळी कामं आटोपून बाया भामाच्या दुकानाच्या पायरीवर टेकत, आणि जिचं-तिचं म्हणणं सरांच्या पत्रात जाई. पाणी सहाला नाही, पाच चाळीसला येतं. कचऱ्याचा डबा शाळेच्या वाटेवर ठेवलाय, चार पावलं मागं घ्या. बारा नंबरचा कुत्रा मोकळा असतो, दोघींना चावलाय. भामाचा नियम एकच होता, सर खोटं बोलत नाहीत. ज्याची खात्री नाही ते सावित्रीबाई लिहू देत नसत. चावलेल्या दोघींचे पाय त्यांनी स्वतः पाहिले, मगच कुत्रा पत्रात गेला.

तन्वीला संशय आला तो कोथिंबिरीमुळे. सरांनी एका पत्रात लिहिलं होतं की भाजीची गाडी साडेआठला येते तेव्हा कोथिंबीर सुकलेली असते, तिला सातला येऊ द्यावं. निवृत्त इंजिनिअर कोथिंबिरीचं इतकं बारीक पाहील हे तन्वीला पटलं नाही. एक दिवस ती सत्तेचाळीस नंबरपाशी थांबली. सावित्रीबाई अंगणात गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"काकू, सरांचे गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं.

"सोळाशे चाळीस पावलांनंतर दुखतात," सावित्रीबाई म्हणाल्या.

तन्वीनं मान हलवली आणि घरी जाऊन मंदारला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सगळं सांगायचं नसतं, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

उगादीला नऊ दिवस उरले. शुक्रवारी सकाळी सावित्रीबाई हिम्मतरावांकडे गेल्या. चहा आला, बिस्किटं आली, गुडघ्यांची चौकशी झाली. सावित्रीबाईंनी गेटाचं सांगितलं, सत्यवतीचं सांगितलं. हिम्मतरावांचे डोळे खरोखर पाणावले.

"वहिनी, तुमचं अगदी बरोबर आहे. गेट उघडलंच पाहिजे. परवा उघडू."

"परवा नक्की ना, भाऊजी?"

"परवा नक्की."

दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून घरी गेली असती. सावित्रीबाई तडक भामाकडे गेल्या आणि त्यांनी एकच वाक्य टाइप करायला लावलं. 'आज सकाळी अध्यक्ष हिम्मतराव यांनी स्वतः सांगितलं आहे, की मागचं गेट परवा नक्की उघडणार.' भामानं वाचलं, सावित्रीबाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुण्यात परवा म्हणजे परवा. शुक्रवारी म्हटलं म्हणजे रविवार. त्यात दुसरं काही असू शकतं हे पुण्याच्या माणसाला गळ्यावर सुरी ठेवली तरी सुचणार नाही. मंदारनं तासाभरात अध्यक्षांचे आभार मानले आणि वेळही ठरवून टाकली, रविवार सकाळी आठ. मग पत्रांची रांग लागली. एकानं बिजागऱ्यांना तेल आणतो म्हटलं, एकानं नारळ. कोपऱ्यावरच्या घरानं 'आम्हाला पण पाहिजे' असं लिहिलं. इंग्रजी अक्षरांत 'पण' आणि 'पान' एकसारखेच दिसतात, तेव्हा मंदारनं त्यांच्यासाठी विड्यांची ऑर्डर देऊन टाकली.

एकनाथराव मात्र बिथरले. ते जुन्यांपैकी, मुलाकडून ई-मेल लिहून घेत. त्यांचं म्हणणं, गेट उघडलं की वस्तीतली माणसं आत येतील, चोऱ्या वाढतील, ही कॉलनी राहणार नाही, धर्मशाळा होईल. दोन-तीन जणांनी त्यांना दुजोरा दिला. पत्रांचा सूर बदलू लागला.

शनिवारी सकाळी बोधनकर सरांचं उत्तर गेलं. चार वर्षांत कॉलनीत दोन चोऱ्या झाल्या. दोन्ही पुढच्या गेटानं, वॉचमन बसलेला असताना. वस्तीतली माणसं आत येतील ही भीती असेल, तर ती रोज सकाळी साडेसहाला येतातच. काल एकतीस जणी आल्या. तुमच्या घरातल्या कपाटाची किल्ली कुठं असते हे त्यांना तुमच्या आधी माहीत असतं. गेट उघडल्यानं त्या जास्त येणार नाहीत, फक्त सोळाशे पावलं कमी चालतील आणि चहा तुम्हाला पंधरा मिनिटं आधी मिळेल.

या पत्रावर एकनाथरावांच्या सूनबाईंनी उत्तर लिहिलं. त्या आत्तापर्यंत सभासद नव्हत्या, भामाच्या दुकानातून झाल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की आमच्याकडे चहा नक्की पंधरा मिनिटं आधी मिळेल ना?

दुपारी मंदार अकरा पानांचे छापील कागद घेऊन हिम्मतरावांकडे गेला. हिम्मतरावांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. नऊ वर्षांत त्यांचे कुणी आभार मानले नव्हते. तिसऱ्या पानावर तो उतरला.

"अरे बाबा, मी परवा म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो ना काका," मंदार म्हणाला. "म्हणजे उद्याच."

तो गेल्यावर हिम्मतराव कागद घेऊन थेट सत्तेचाळीस नंबरला आले. चपलाही बाहेर काढायच्या विसरले. बोधनकर सर कोण हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं, कारण त्या घरात आता कुणी पुरुष राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सावित्रीबाईंच्या नवऱ्याला, विनायकराव बोधनकरांना, खांदा देणाऱ्यांत ते होते.

"वहिनी, हे सर कोण?"

सावित्रीबाईंनी एस. म्हणजे काय आणि बी. म्हणजे काय ते सांगितलं. सर त्यांनी लावलं, मी नाही, असंही सांगितलं. हिम्मतराव खुर्चीत बसले.

"पण परवा म्हणजे परसों हो, वहिनी. तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. पुणेकरांना कोण सांगणार? हवं तर तुमच्या नावानं दुरुस्ती लिहिते. अध्यक्ष परवा म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ कधीच नाही असा घ्यावा."

हिम्मतराव बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते सावित्रीबाईंना नवीन होतं. अध्यक्ष झाल्याच्या पहिल्या महिन्यात त्यांनी एक निर्णय घेतला होता. पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यायचा. तीन घरांना हिरवा हवा होता. त्या तिन्ही घरांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला यायचं टाळलं. तेव्हापासून त्यांनी कुठलाच निर्णय घेतला नाही. माणसं जोडून ठेवायची, तर काही ठरवायचं नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

सावित्रीबाईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तरी त्या हटल्या नाहीत. तुम्ही इकडची जोडून ठेवलीत, भाऊजी, तिकडची तुमच्या हिशेबात धरलीच नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. चहा मात्र त्यांनी विचारला नाही. हिम्मतराव चहा न पिता गेले, आणि कॉलनीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

रविवारी आठला गेटापाशी साठ-सत्तर माणसं जमली. ई-ग्रुपात नसलेलीही आली, कारण बायांनी घरोघर सांगितलं होतं. तेलाची कुपी आली, नारळ आला, चाळीस विड्यांचं ताट आलं. पान कुणी मागितलं हे कुणालाच कळेना, पण नको कुणी म्हटलं नाही. गेटापलीकडे वस्ती जमली होती. फटीतून सत्यवतीच्या साडीचा पिवळा काठ दिसत होता. भामानं दुकान बंद ठेवलं होतं. मंदार येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या पुरुषाकडे आशेनं पाहत होता आणि तन्वीला विचारत होता, सर अजून कसे आले नाहीत. तन्वी म्हणत होती, येतील, सर वेळेचे पक्के आहेत.

सव्वाआठला हिम्मतराव आले. हातात किल्ली होती. नऊ वर्षं देवघरात ठेवलेली, त्यामुळे तिला हळदकुंकू लागलं होतं. त्यांनी ती कुलपाला लावली. जाईना. पुन्हा लावली. माती भुरभुर गळली, किल्ली जाईना. हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली की जणू देवानंच परवा म्हटलं असावं.

सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराआडून प्रयोगशाळेतली एक जुनी सुई काढली, लाकडी मुठीची, बेडकाच्या नसा सोडवायची. टोपीच्या कडेनं अलगद फिरवली. माशी केव्हाच गेलीय, घर रिकामं आहे, असं त्यांनी जवळच्या माणसांना सांगितलं, म्हणजे कुणाला पाप लागायला नको. तांबूस थर निघाला, मग राखाडी. त्यांनी फुंकर मारली आणि बाजूला झाल्या.

"तुमचं होऊ दे, भाऊजी. सर इथंच उभे आहेत."

मंदारनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सुईकडे, मग बायकोकडे. तन्वीनं ताटातला एक विडा उचलून त्याच्या उघड्या तोंडात ठेवला.

तेवढ्यात एकनाथराव गर्दीतून पुढे आले. ते म्हणाले, इतकी घाई कशाला, अध्यक्ष, रीतसर मीटिंग बोलवा, सगळ्यांना विचारा, मग परवा ठरवू. जुन्या माणसांनी सवयीनं माना डोलावल्या. नारळवाल्यानं नारळ खाली ठेवला. हिम्मतरावांनी एकनाथरावांकडे पाहिलं, मग फटीतल्या पिवळ्या काठाकडे, मग हातातल्या किल्लीकडे. त्यांच्या ओठांवर 'प' आलेला सावित्रीबाईंनी स्पष्ट पाहिला. ओठ मिटले होते, फक्त सुटायचे राहिले होते.

"परवा नाही," हिम्मतराव म्हणाले. "गेट आज उघडायचं. आणि रोज उघडं राहणार. कुणाला राग आला तर येऊ दे."

नारळवाल्यानं नारळ पुन्हा उचलला. मग गेटापलीकडून सत्यवतीचा आवाज आला, अगदी शांत आणि संशयी.

"अध्यक्ष साब, आज बोले तो कब?"

हिम्मतरावांनी किल्ली कुलपात सारली.

"अब्बीच, अम्मा. अब्बीच."